हरलेला डाव आणि चुकलेला डाव

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून आला आहे : मी सुधारतोय की नाही, हे ओळखायचं कसं? बुद्धिबळात चाल चुकली की समोरचा प्यादं उचलतो आणि हिशेब तिथेच मिटतो. पोकरमध्ये चुकलेल्या चालीला बक्षीस मिळतं, बरोबर चाल खेळून माणूस रिकाम्या हातानं उठतो, आणि हे एकाच संध्याकाळी दोन-तीनदा घडतं. मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, आणि पत्ते त्याच्याही आधीपासून खेळते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. म्हणून एका पत्राला सविस्तर उत्तर देते आहे, बाकीच्यांना थोडक्यात.

उदाहरणं सगळी नो-लिमिट टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारातली आहेत : प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. त्यांतले पहिले तीन म्हणजे फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर. मधे जमलेली रक्कम म्हणजे पॉट, लावलेली रक्कम म्हणजे बेट, समोरच्याइतकंच भरणं म्हणजे कॉल, वाढवणं म्हणजे रेझ. हिशेब बिग ब्लाइंडमध्ये आहे, म्हणजे पत्ते पाहण्याआधी पाळीपाळीनं एकाला सक्तीनं लावावी लागते त्या रकमेत. नुसत्या चिप्सवर खेळणाऱ्यालाही तो तितकाच लागू पडतो. पैसे लावून खेळायचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत, ते आपापल्या जागी आधी पाहून घ्यावेत.

ताई, आम्ही आठ मित्र दर शनिवारी चार तास खेळतो. वर्षभर मी प्रत्येक शनिवारची जीत-हार लिहून ठेवली. पहिले आठ महिने आलेख चढता होता, मग घसरला, आणि आता वर्षाचा हिशेब ३०० बिग ब्लाइंड तोट्यात आहे. मागच्या शनिवारी राणीची जोडी असताना फ्लॉपच्या आधी सगळं लावलं, समोर एक्का-राजा निघाले आणि रिव्हरला राजा पडला. त्याच रात्री एक डाव मात्र छान खेळलो. माझ्याकडे बदामची नव्वी आणि सत्ती, टेबलावर टर्नपर्यंत आणखी दोन बदाम. पॉट २० चा, समोरच्यानं २० लावले. मी धीर धरून कॉल केला, रिव्हरला बदाम आलं आणि त्याच्याकडचे उरलेले १५ सुद्धा मला मिळाले. पण एकूण आत्मविश्वासच गेला आहे. हा खेळ मला जमत नाही, असं समजू का?

तुमच्या पत्रातले दोन डाव मी कागदावर मांडून पाहिले. ज्याचं तुम्हाला दुःख आहे तो डाव ठीक आहे. ज्याचा अभिमान आहे, तो चुकला आहे.

बदामचा डाव आधी घेऊ. टर्नला तुम्हाला सहा पत्ते दिसत होते, दोन हातातले आणि चार टेबलावरचे. उरले ४६. त्यांत बदाम ९, आणि एक आलं की एकाच चिन्हाचे पाच पत्ते जुळतात. म्हणजे रिव्हरला बदाम येण्याची शक्यता शंभरात विसाहून किंचित कमी. तुम्ही २० घातले ते ४० मिळवण्यासाठी, आणि असा कॉल निव्वळ फिटायलाच तीनांत एकदा जिंकावं लागतं. तुम्ही पाचांत एकदा जिंकणार होता. आता तुम्ही म्हणाल, रिव्हरला आणखी मिळणार होतं ना? तेही मोजू. बदाम आलं की आपण जिंकलोच असं धरलं, तरी ४६ पैकी ३७ वेळा २० जातात, म्हणजे ७४० चा खड्डा. तो ९ वेळांत भरायचा तर प्रत्येक वेळी ८२ मिळायला हवेत, म्हणजे ४० आताचे आणि ४२ नंतरचे. समोरच्याच्या पुढ्यात १५ च उरले होते. ते सगळे दर वेळी तुम्हालाच मिळाले, तरी या कॉलमध्ये सरासरी पाचाहून जास्त बिग ब्लाइंड जातात. वहीत मात्र त्या रात्री तो डाव 'जमा' म्हणून पडला.

राणीच्या जोडीसमोर एक्का-राजा असतील तर राणीची जोडी शंभरातून ५७ वेळा जिंकते, एक्का-राजा एकाच चिन्हाचे असतील तर ५४ वेळा. राजा रिव्हरला पडला म्हणून जास्त लागलं, एवढंच. फ्लॉपलाच पडला असता तरी हिशेब तोच. इथे खरा प्रश्न पत्ते उघडायच्या आधीचा आहे : तो मित्र कुठल्या पत्त्यांवर सगळं लावतो? तुमच्या हातात दोन राण्या असताना एक्क्यांची जोडी ६ प्रकारे बनते, राजांची ६ प्रकारे, एक्का-राजा १६ प्रकारे. तो एवढ्यावरच लावणारा असेल तर तुमच्या वाट्याला शंभरातले साधारण ४० डाव येतात. तोच गुलामाच्या आणि दश्शीच्या जोडीवरही लावत असेल, तर तुम्ही निम्म्याच्या थोडे वर जाता. वर्षभर ज्याच्याबरोबर बसता आहात, त्याच्याबद्दल हे तुमच्या वहीत असायला हवं होतं. राजा पडला ही नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही.

आता वर्षाच्या हिशेबाकडे. हातानं पत्ते वाटून तासाला २५ ते ३० डाव होतात. तुमच्या एका शनिवारी शंभरेक, वर्षाला साधारण ५,०००. या खेळात दर १०० डावांचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीच्या साधारण किती मागेपुढे हलतो त्याचं माप, ८० ते १०० बिग ब्लाइंडच्या घरात असतं, खेळण्याच्या धाटणीप्रमाणे कमी-जास्त. हे माप डावांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून मधला ९० चा आकडा घेतला तर ५,००० डावांत तो ६३० च्या वर जातो. याचा अर्थ असा, की इतरांपेक्षा सरसही नाही आणि कच्चाही नाही अशा माणसाचा वर्षाचा हिशेब ६०० जमा किंवा ६०० खर्च दाखवला तरी त्यात नवल काही नाही, आणि तीनांतल्या एका वर्षी तो त्याच्याही पलीकडे जातो. तुमचे ३०० त्याच्या निम्म्यात आहेत. दर शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावण्याइतका चांगला खेळाडू घ्या. घरगुती टेबलावर हा खरोखर चांगला खेळाडू म्हणायचा. तोही वर्षाला ५,००० डाव खेळून साधारण तीनांत एक वर्ष तोट्यात काढेल.

म्हणून तुमचा आलेख तुम्हाला 'जमत नाही' असं सांगू शकत नाही. पहिल्या आठ महिन्यांत तो 'जमतंय' असंही सांगत नव्हता. हे दुसरं वाक्य स्वीकारणं जड जातं, पण पहिलं हवं असेल तर दुसरंही घ्यावं लागेल.

तुलनेसाठी सांगते. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या संगणक-प्रणालीशी चार व्यावसायिक खेळाडू एकास एक पद्धतीनं खेळले. कोण सरस हे छातीठोकपणे सांगता यावं म्हणून वीस दिवसांत १,२०,००० डाव झाले. तेवढ्यावरही न थांबता तेच पत्ते दोन ठिकाणी उलटसुलट वाटले. इथे प्रणालीला जे पत्ते मिळाले, ते तिथे माणसाला. म्हणजे चांगले पत्ते एकाच बाजूला गेले अशी शंका राहू नये. प्रणाली दर शंभर डावांमागे १४.७ बिग ब्लाइंडनं जिंकली. एवढा मोठा फरक सिद्ध करायला एवढी खटपट. शनिवारच्या वहीकडून तो न्याय मागू नका.

मग मोजायचं काय? जे वारंवार घडतं ते. पॉट जिंकणं-हरणं क्वचित घडतं आणि त्यात पत्त्यांचा हात मोठा असतो. तुमचा निर्णय मात्र प्रत्येक डावात असतो. मिळालेल्या दोन पत्त्यांवर तुम्ही आपणहून पॉटमध्ये शिरता की पत्ते टाकता, हे साधं प्रमाण बघा. (बिग ब्लाइंड भरायची पाळी तुमची होती म्हणून फुकटात फ्लॉप पाहिला, तर तो शिरण्यात धरायचा नाही.) चारांतल्या एका डावात शिरत असाल तर ५०० डावांच्या नोंदीत हा आकडा दोन टक्क्यांच्या आसपासच इकडेतिकडे होतो. पाच शनिवारांत हाती येणारी ही माहिती आहे, आणि तिच्यात नशीब जवळपास नाही. सहा जणांच्या टेबलावर घट्ट पण आक्रमक खेळणारे २० ते २८ टक्के डावांत शिरतात आणि त्यांतले बहुतेक डाव रेझ करूनच उघडतात. आठ जणांत हे प्रमाण आणखी खाली हवं. निम्म्या डावांत नुसता कॉल करून शिरणारा माणूस या एका रकान्यात स्वतःला ओळखतो. कागदाच्या चिठ्ठीवर दर डावाला एक रेघ, शिरलात तर तिच्यावर आडवी काट. एवढंच करायचं आहे.

दुसरी गोष्ट मी स्वतः करते आणि तिनं मला सगळ्यांत जास्त शिकवलं. मोठा कॉल करायच्या आधी मनात एक आकडा पक्का करायचा : असे दहा डाव आले तर मी किती जिंकेन? डाव संपला, पुढचे पत्ते पिसले जात आहेत, तेवढ्यात तो लिहून टाकायचा. माझ्या वहीतली एक ओळ जशीच्या तशी देते : 'बटण. किलवर राजा-राणी. फ्लॉप राणी-अठ्ठी-चौकी. टर्न, रिव्हर कोरे. तिन्ही वेळा मोठी बेट. माझा अंदाज १० त ३. हवं होतं १० त ३ च्या वर. तरी कॉल, कारण पत्ते टाकवत नव्हते. समोर तीन अठ्ठ्या.' (बटण म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यांत शेवटी चाल करायची जागा, कोरे म्हणजे कामाला न येणारे पत्ते.) या ओळीत हरल्याचा उल्लेख शेवटी आहे आणि तो कमी महत्त्वाचा आहे. 'टाकवत नव्हते' हे दोन शब्दांपलीकडचं नाही, पण पुढच्या वेळी राजा-राणी हातात आले की तेच आठवतं. अशा पन्नासेक नोंदी झाल्या की त्या गटांत लावा. 'दहात तीन' असं लिहिलेले सगळे डाव एकत्र काढा आणि त्यांतले खरंच किती जिंकलात ते बघा. तीनाच्या जवळ असाल तर तुमचा अंदाज विश्वास ठेवण्याजोगा आहे. एकच निघाला तर तुम्ही समोरच्याला सतत कमी लेखता. पाच निघाले तर घाबरून बरेच जिंकणारे डाव टाकत असणार.

आत्मविश्वास हवा असेल तर तो या वहीवर टेकवा. चढत्या आलेखातून आलेला विश्वास आलेख उतरला की जातो, हे तुम्ही नुकतंच अनुभवलं आहे. आलेख फाडू नका, तोही ठेवा. किती रक्कम जाते हे घरातल्या हिशेबाला कळलंच पाहिजे. फक्त तो महिन्यातून एकदा बघा, दर शनिवारी रात्री नको.

आणि बदामचा तो डाव वहीत नव्यानं लिहा, लाल शाईनं.

ताई, मी २४ वर्षांची आहे, आमच्या गटात मी एकटीच मुलगी. अभ्यास बराच केला आहे, कुणाच्या खेळात काय चुकतं ते बाजूला बसून पटकन कळतं. पण स्वतः ब्लफ करायची, म्हणजे हातात काही नसताना मोठं लावायची वेळ आली की हात थरथरतात. एकदा पकडली गेले आणि सगळे हसले, तेव्हापासून ब्लफच करत नाही.

पकडली जाणं हा ब्लफच्या किमतीचा भाग आहे, आणि ती किंमत आधी मोजता येते. १० च्या पॉटमध्ये ५ लावून ब्लफ केलास, तर तो तीनांत एकदा चालला तरी तोटा नाही. समज, समोरचा पाचांतून दोनदा पत्ते टाकतो. दोनदा तुला १०-१० मिळाले, तीनदा ५-५ गेले. पाच वेळांत तीनदा सगळ्यांसमोर पत्ते उघडे पडूनही तू ५ नं पुढे. पॉटइतकी बेट लावलीस तर मात्र निम्म्या वेळा चालायला हवी. म्हणून सुरुवात अर्ध्या पॉटच्या ब्लफपासून कर, आणि तोही अशा पत्त्यांवर, की कॉल झाला तरी सुधारायला जागा असेल. फ्लॉपला दोन्ही बाजूंनी खुला सिक्वेन्स (ओळीनं चार पत्ते, पाचवा कुठल्याही टोकाला चालेल असे) असेल तर ८ पत्ते तुझे असतात आणि रिव्हरपर्यंत शंभरात ३१-३२ वेळा तो पुरा होतो. निव्वळ हवेतल्या ब्लफपेक्षा हा कितीतरी सुरक्षित.

हाताच्या थरथरीबद्दल : ती थांबवायच्या मागे लागू नकोस. जुने खेळाडू एकदम सुरू झालेली थरथर बहुधा भारी पत्त्यांची खूण मानतात, त्यामुळे ती तुला वाटते तेवढी घातक नाही. त्यापेक्षा प्रत्येक बेटची पद्धत एकच ठेव. पत्ते चांगले असोत की फालतू, आधी आकडा ठरव, मग चिप्स मोजून एका हातात घे, एकदाच पुढे सरकव आणि हात टेबलावर टेकवून ठेव. लहान-सहान पॉटमध्येही हेच कर. महिनाभरात शरीराला ते वळण पडतं आणि मोठ्या पॉटला वेगळं काही करावं लागत नाही.

आणि हसणाऱ्यांबद्दल एक सांगते. तू ब्लफ करत नाहीस हे त्यांना आता माहीत झालं आहे, म्हणजे तुझ्या प्रत्येक मोठ्या बेटला ते पत्ते टाकणार. तुझ्यासाठी याहून सोयीचं टेबल नाही. पुढच्या बैठकीत एकच ब्लफ करायचा असं ठरव, तो कुठल्या पत्त्यांवर ते घरून लिहून ने, आणि आल्यावर फक्त एवढंच लिही : ठरवल्याप्रमाणे केला की नाही. चालला की नाही, तो रकाना पहिले दोन महिने ठेवूच नकोस.

ताई, मी स्वतः खेळत नाही. माझे मिस्टर खेळतात. ते व्यवस्थित हिशेब ठेवतात आणि मला दाखवतात, त्यात ते पुढेच दिसतात. पण मध्ये मला कळलं की हरलेले काही दिवस त्यांनी लिहिलेलेच नाहीत, आणि एका मित्राकडून उसने पैसेही घेतले आहेत. विचारलं तर म्हणतात, थोडे दिवस थांब, भरून काढतो.

तुमचं पत्र मी वेगळं काढून ठेवलं होतं. हा प्रगती मोजण्याचा प्रश्न राहिलेला नाही. हरलेले दिवस लपवणं, खेळण्यासाठी उसने घेणं आणि गेलेलं भरून काढण्यासाठी खेळणं, ही तिन्ही जुगाराच्या आहारी जाण्याची ओळखीची लक्षणं आहेत, आणि तुम्ही तिन्ही लिहिली आहेत. गेलेली रक्कम पुढच्या पत्त्यांना माहीत नसते. 'भरून काढतो' म्हणणारा माणूस मोठ्या रकमेवर आणि वाईट मनःस्थितीत बसतो, त्यामुळे आहे तोही खेळ बिघडतो.

त्यांच्याशी बोला, पण खेळून आलेल्या रात्री नको. शांतपणे, कागद समोर ठेवून. उसने किती, कुणाकडून, आणखी काही आहे का, हे सगळं एकदा पुरतं बाहेर येऊ द्या. घरखर्चाचं आणि बचतीचं खातं तुमच्या हातात घ्या. उसने फेडायला त्यांना परत खेळू देऊ नका आणि ते तुम्ही गुपचूप फेडूही नका. खेळ सध्या पूर्ण बंद. थोडा कमी, किंवा आठवड्याला एकदा, असा सौदा या अवस्थेत टिकत नाही. त्यांना एकट्यानं थांबणं जमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. या सवयीवर उपचार आहेत आणि त्यांनी माणसं बाहेर येतात. ते यायला तयार नसले तरी तुम्ही एकट्या जा. तुमच्यावर किती ताण आहे ते अक्षरातून दिसतं आहे.

ताई, आमच्या क्लबात दर महिन्याला ४० जणांची स्पर्धा होते, पहिल्या पाचांना बक्षीस. सलग नऊ स्पर्धा खेळलो, एकदाही पाचांत नाही. नाद सोडू का?

चाळिसांत पाच म्हणजे आठांत एक. अगदी सरासरी खेळाडूचीही सलग नऊ स्पर्धा कोरड्या जाण्याची शक्यता दहात तीन आहे. नऊ स्पर्धांवरून काहीच ठरत नाही. बहुतेक स्पर्धांत दहा ते पंधरा टक्के जागांनाच बक्षीस असतं, त्यामुळे चांगले खेळाडूही बहुतेक वेळा हात हलवत परत येतात.

तुम्ही कितवे बाहेर पडलात ते लिहिता आहात. त्याऐवजी कसे पडलात ते लिहा. शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा पुढ्यात किती बिग ब्लाइंड होते? ऑल-इन (पुढ्यातलं सगळं लावणं) तुम्ही केलं की दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल केला? पत्ते उघडले तेव्हा पुढे कोण होतं? स्वतः आधी लावलं तर जिंकायचे दोन रस्ते असतात, समोरचे पत्ते टाकतील किंवा तुमचे पत्ते मोठे निघतील. कॉल केला की पहिला रस्ता बंद. नोंदीत वारंवार 'चार-पाच बिग ब्लाइंड उरले, कॉल केला' असं यायला लागलं, तर तुम्ही चांगल्या पत्त्यांची वाट पाहत स्टॅक, म्हणजे पुढ्यातल्या चिप्स, झिजवता आहात. मग दहा-बारा उरलेले असतानाच, आधी सगळ्यांनी टाकलं असेल तेव्हा, स्वतः लावायची सवय करावी लागेल. पुढच्या तीन स्पर्धांच्या अशा नोंदी मला पाठवा. तुमची बसायची जागा आणि ब्लाइंड त्यात लिहायला विसरू नका.